मनःस्थितीवरून आणि शैलीवरून गाणी, पुस्तके, चित्रपट शोधणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतील एका वाचनालयाच्या देवघेव टेबलापाशी बसणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा तरी ऐकावे लागते, "काहीतरी हलकंफुलकं द्या", "रडवणारं नको", किंवा "मागच्या वेळी दिलं होतंत तसंच काहीतरी". हीच मागणी आता लोक संगणकाकडे आणि मोबाइलकडे करू लागले आहेत आणि त्यासाठी खास संकेतस्थळेही निघाली आहेत. त्यांच्याविषयी वाचकांनी या टेबलापाशी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ही संकेतस्थळे नेहमीच्या शोधापेक्षा वेगळी कशी?

नेहमीच्या शोधात हवी असलेली वस्तू आपल्याला आधीच माहीत असते. गाण्याचे बोल, लेखकाचे नाव किंवा चित्रपटाचे शीर्षक आपण लिहितो आणि ती वस्तू कोठे आहे एवढेच यंत्र सांगते. मनःस्थितीवर आधारलेल्या संकेतस्थळावर मात्र वस्तू माहीत नसते, तिच्याकडून आपल्याला काय हवे आहे तेवढे माहीत असते, म्हणजे निवांतपणा, धडकी, हसू, आठवणींचा उमाळा किंवा नुसताच वेळ जाणे. तेथे नावाऐवजी 'शांत', 'गूढ', 'उत्साही', 'संथ' अशा विशेषणांवर बोट ठेवावे लागते, किंवा एखादी पट्टी डावी-उजवीकडे सरकवावी लागते.

मनःस्थिती आणि शैली यांत नेमका फरक कोणता?

शैली कृतीची असते आणि मनःस्थिती माणसाची असते, हे सरळ उत्तर झाले, पण प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी एकाच 'मूड' या शब्दात कोंबल्या जातात आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात. पहिली गोष्ट म्हणजे कृतीत व्यक्त झालेला भाव, दुसरी म्हणजे ऐकणाऱ्याची किंवा वाचणाऱ्याची त्या क्षणीची अवस्था, आणि तिसरी म्हणजे ती कृती संपल्यावर त्याची जी अवस्था होते ती. 'उदास' हे बटण यांपैकी कशाविषयी आहे, हे फारच थोडी संकेतस्थळे स्पष्ट करतात.

शैलीचे उदाहरण घ्यायचे तर लावणी ही शैली आहे, पण एखादी लावणी खट्याळ असेल आणि दुसरी विरहाने व्याकूळ असेल. अभंग हा रचनाप्रकार आहे, आणि अभंग दिसला की 'भक्ती' असा टॅग लावून यंत्र मोकळे होते. तुकोबांच्या अभंगांत मात्र विठ्ठलाशी मांडलेले भांडण आहे, आर्त विनवणी आहे आणि ढोंगी माणसाला लगावलेली चपराकही आहे. म्हणून शैली आणि भाव हे दोन निकष वेगवेगळे निवडू देणारे संकेतस्थळ नेहमीच अधिक उपयोगी ठरते.

ही कल्पना नवी आहे का?

तंत्र नवे आहे, कल्पना नवी नाही. हिंदुस्तानी संगीतात रागाला वेळ नेमून दिलेली असते आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाटांच्या, म्हणजे रागांच्या दहा मूळ गटांच्या, मांडणीबरोबर या समयविचाराचीही पद्धतशीर चर्चा केली. मराठीत तर प्रकाराच्या नावातच वेळ किंवा भाव सांगितलेला असतो. भूपाळी पहाटेची, अंगाई निजवण्याची, विराणी विरहाची. आकाशवाणीवर सकाळी भक्तिगीते आणि रात्री उशिरा संथ गाणी लावणाऱ्या माणसानेही श्रोत्याची मनःस्थिती गृहीत धरूनच निवड केलेली असे, फक्त त्या निवडीत श्रोत्याला हात घालता येत नसे.

ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांतील दोन नियम असे आहेत की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि एकाच पुस्तकाकडे अनेक पैलूंनी पाहण्याची रीत घालून दिली. आजच्या संकेतस्थळांवर डाव्या बाजूला दिसणाऱ्या 'भाव', 'गती', 'लांबी', 'काळ' अशा चौकटी ही त्याच पैलूंच्या विचाराची पुढची पायरी आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की रंगनाथन यांच्या पैलूंत वाचकाच्या मनाला जागा नव्हती.

शैलीनुसार मांडणी पायी फिरून पाहायची असेल तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेल्या भिलारला जावे. वेल्समधील हे-ऑन-वायच्या धर्तीवर ४ मे २०१७ रोजी हे 'पुस्तकांचं गाव' सुरू झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी, त्यांतही बरीच लोकांच्या राहत्या घरांत, साहित्यप्रकारानुसार पुस्तके मांडण्यात आली. एका घरात कविता, दुसऱ्यात कादंबरी, आणखी एकात चरित्रे, अशी ती रचना आहे. कवितेचे घर शोधत निघालेला माणूस वाटेत चरित्रांच्या ओसरीवर टेकतो आणि तासभर उठत नाही, ही सोय अजून कोणत्याही पडद्यावर मला सापडलेली नाही.

एखादे गाणे उदास आहे की आनंदी, हे संगणकाला कसे कळते?

तीन मार्गांनी, आणि बहुतेक मोठ्या सेवा तिन्ही मार्ग एकत्र वापरतात.

पहिला मार्ग माणसांचा आहे. अमेरिकेतील पँडोरा या गाणी ऐकवणाऱ्या सेवेने सन २००० च्या सुमारास आपल्या 'म्युझिक जीनोम' प्रकल्पात संगीत जाणणारी माणसे नेमली. त्यांनी प्रत्येक गाणे ऐकून त्याला आवाजाचा पोत, ठेका, वाद्ये, रचनेची गुंतागुंत अशा सुमारे ४५० गुणांवर तोलले. नेटफ्लिक्सनेही चित्रपट पाहून टॅग लावण्यासाठी पगारी माणसे ठेवली. हे काम संथ आणि खर्चिक असते, पण त्यात गाणे किंवा चित्रपट समजून घेतलेला असतो.

दुसरा मार्ग मोजमापाचा आहे. त्याच्या मुळाशी मानसशास्त्रातील एक साधा नकाशा आहे. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये अशी मांडणी केली की भावना दोन रेषांवर ठेवता येतात. आडव्या रेषेवर अप्रिय ते प्रिय आणि उभ्या रेषेवर सुस्त ते उत्तेजित. वर उजवीकडे उल्हास येतो, वर डावीकडे संताप आणि भीती, खाली डावीकडे खिन्नता आणि खाली उजवीकडे शांती. गाण्याची लय, आवाजाचा जोर, स्वरांची चढउतार आणि तालवाद्यांचे प्रमाण मोजून यंत्र त्या गाण्याला या नकाशावर एक जागा देते. द इको नेस्ट ही कंपनी असे विश्लेषण करीत असे आणि २०१४ मध्ये ती स्पॉटिफायने विकत घेतली. त्यानंतर प्रत्येक गाण्याच्या 'प्रसन्नते'ला शून्य ते एक यांमधील एक अंक मिळू लागला. शून्याजवळचे गाणे खिन्न किंवा रागीट, एकाजवळचे हसतेखेळते. दुःखाला दशांश चिन्ह लावलेले पाहून पहिल्यांदा हसू येते, पण लाखो गाण्यांची ढोबळ वाटणी करायला हा अंक पुरतो.

तिसरा मार्ग गर्दीचा आहे. लोकांनी स्वतः केलेल्या प्लेलिस्टमध्ये कोणती गाणी शेजारी बसतात आणि त्या प्लेलिस्टला लोक काय नाव देतात, हे यंत्र पाहते. 'पावसातला प्रवास' किंवा 'गावची आठवण' अशा नावाखाली हजारो लोकांनी एकच गाणे ठेवले असेल, तर गाण्यातील एकही सूर न मोजता त्याचा भाव यंत्राला कळतो. मराठीसाठी तीन मार्गांपैकी हाच मार्ग सर्वांत विश्वासाचा आहे, आणि त्याचे कारण पुढील उत्तरात आहे.

मग मराठी गाण्यांच्या बाबतीत निकाल इतके विचित्र का येतात?

पहिले कारण असे की वर सांगितलेले मोजमाप प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतावर बेतलेले आहे. त्या संगीतात ठेका जोरात असला की उत्साह आणि ठेका नसला की शांतता, असा हिशेब बऱ्याच अंशी जमतो. ख्यालाच्या आलापीत ठेका विलंबित असतो किंवा नसतोच, आणि मागे तंबोरा अखंड घुमत असतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा झंकार मोजमाप करणाऱ्या यंत्राला अजूनही 'झोपेसाठी संगीत' वाटतो. त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळचा, ऐकणाऱ्याला अस्वस्थ करून सोडणारा मारवा आणि बाळाची अंगाई एकाच यादीत शेजारी येऊन बसतात. ज्याने मारवा ऐकला आहे तो ही चूक करणार नाही, आणि ज्याने ती यादी लावून झोपण्याचा प्रयत्न केला त्याला झोप येणार नाही.

दुसरे कारण जुन्या ध्वनिमुद्रणांचे आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे निधन १९३७ मध्ये झाले आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. त्यांच्या काळची ध्वनिमुद्रिका साधारण तीन-साडेतीन मिनिटांची, खरखरीची आणि वरचे-खालचे स्वर छाटले गेलेली असते. यंत्राला ही खरखर गाण्याचाच भाग वाटू शकते. शिवाय जुन्या मुद्रणापुढे ते नव्याने डिजिटल स्वरूपात आणल्याचे वर्ष लिहिलेले अनेकदा आढळते, त्यामुळे काळावरून शोधणाऱ्याला ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा आवाज या शतकाच्या कप्प्यात सापडतो.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण शब्दांचे आहे. हुरहूर, रुखरुख, खंत, गहिवर, उमाळा, काहूर हे आपल्यासाठी सहा वेगळे अनुभव आहेत. हुरहूर पुढे होणाऱ्या गोष्टीची लागते, रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची, आणि गहिवर तर आनंदातही येतो. परदेशी संकेतस्थळावरच्या चौकटीत या सहांना मिळून एकच शब्द असतो आणि मराठीत भाषांतर करताना त्याचे 'दुःखी' होते. मुलीची पाठवणी आणि कडू प्रेमभंग हे दोन्ही 'दुःखी' याच कप्प्यात जाणार असतील, तर त्या कप्प्यातून हवे ते गाणे निघेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आमच्या घरच्या एका लग्नात पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी कोणीतरी मोबाइलवर 'शांत मराठी' असा शोध घेऊन गाणी लावली. तिसरे गाणे निर्गुणी भजनाचे निघाले, ज्यात देह हा मातीचा आहे हे सविस्तर सांगितलेले होते. गाणे शांतच होते, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मन उदास असताना उदास गाणी सुचवणे योग्य आहे का?

अनेक सेवा तसे करतात, आणि त्यावर टीकाही होते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळणे हा केवळ अभिमानाचा भाग नाही, कारण त्यात नेमका हाच भेद केलेला आहे. भरताने शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे आठ रस सांगितले (नववा शांत पुढे जोडला गेला), आणि त्यांच्या मुळाशी रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे स्थायी भाव मानले. शोक हा भाव आहे आणि करुण हा रस आहे. शोक भोगावा लागतो, करुणाचा आस्वाद घेता येतो. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले आणि मराठी नाटकाची सुरुवात केली, त्या गावातील प्रेक्षकाला हे समजावून सांगायला नको. डोळे पुसायला मिळावेत म्हणून तिकीट काढणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

नवलाची गोष्ट अशी की केट हेव्हनर या अमेरिकी संशोधिकेने १९३६ मध्ये संगीताच्या भावाची विशेषणे एका वर्तुळात मांडली, तेव्हा तिच्याही वर्तुळात आठच गट झाले. दोन्हींतील गट सारखे नाहीत आणि संख्या जुळणे हा योगायोगच आहे, परंतु दोघांनीही सुख-दुःख अशा दोन कप्प्यांवर भागवले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भरताने तर स्थायी भावांखेरीज येऊन-जाऊन असणारे तेहतीस संचारी भाव वेगळे मोजले आहेत. त्यांत चिंता, स्मृती, औत्सुक्य, ग्लानी, आळस हेही येतात. आपण संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन 'मूड' म्हणतो तो बहुधा यांपैकीच एखादा असतो.

व्यवहारात याचा उपयोग असा, की शोधताना आपण आत्ता कोठे आहोत त्यापेक्षा आपल्याला कोठे जायचे आहे ते निवडावे. दुःखात सोबत हवी असेल तर करुण निवडावे, दुःखातून उठायचे असेल तर थेट उल्हासावर उडी न मारता मधली पायरी घ्यावी. खिन्न माणसाला एकदम ढोलकीचा ठेका लावला तर तो बटण बंद करतो. मात्र खिन्नता आठवडे लांबत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो प्लेलिस्टचा विषय राहत नाही आणि डॉक्टरांकडेच जायला हवे.

राग, वेळ किंवा गीतप्रकार यांवरून मराठी गाणी शोधायची असतील तर?

'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर मराठी गाणी गीतकार, संगीतकार, गायक, राग आणि गीतप्रकार यांनुसार लावलेली आहेत, आणि मराठी श्रोत्यासाठी हीच खरी मनःस्थितीची यादी आहे, असे मी आग्रहाने सांगतो. 'सकाळचे प्रसन्न संगीत' असे शोधण्यापेक्षा भूपाळी हा प्रकार किंवा अहिरभैरव, तोडी हे राग शोधावेत. दुपारच्या रणरणत्या उन्हासाठी सारंगाचे प्रकार, उतरत्या दुपारसाठी भीमपलास, दिवेलागणीला पूर्वी किंवा यमन, आणि रात्र चढल्यावर बागेश्री, मालकंस, दरबारी असा ढोबळ क्रम लक्षात ठेवला तरी पुरे. मोठ्या सेवांवर शोधताना रागाचे नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत लिहून पाहावे, कारण दोन्हींचे निकाल वेगळे येतात.

पुस्तकांसाठी कोणती संकेतस्थळे आहेत?

ब्रिटनमधील 'व्हिचबुक' हे या प्रकारचे जुने आणि माझ्या आवडीचे संकेतस्थळ आहे. त्यावर आनंदी ते दुःखी, गमतीदार ते गंभीर, सुरक्षित ते अस्वस्थ करणारे, सोपे ते कस पाहणारे, आशावादी ते निराश, अशा बारा पट्ट्या आहेत, आणि एका वेळी त्यांतील चार निवडून हव्या तेवढ्या सरकवता येतात. पुस्तकांचे गुणांकन माणसांनी वाचून केलेले आहे, त्यामुळे 'गमतीदार पण निराश' असा तिरपा शोध घेतला तरी अर्थपूर्ण निकाल मिळतो. पुस्तके मात्र इंग्रजीतील किंवा इंग्रजीत अनुवादित झालेली आहेत.

'द स्टोरीग्राफ' येथे पुस्तकाचा भाव आणि गती वाचक स्वतः नोंदवतात. किती टक्के वाचकांना ते 'गूढ' वाटले आणि किती जणांना 'आशादायक', हे तेथे दिसते, आणि हिंसा किंवा मृत्यू यांसारखे नको असलेले विषय गाळताही येतात. यावर मराठी पुस्तकाची नोंद वाचकाला करता येते, परंतु तीन वाचकांनी भरलेला भाव हा तीनच माणसांचा भाव असतो, हे विसरू नये. सांगली-साताऱ्यातील शंभर वाचकांनी आपण वाचलेल्या दहा-दहा मराठी पुस्तकांचे भाव अशा ठिकाणी नोंदवले, तर पुढच्या वाचकाला त्याचा थेट उपयोग होईल, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि चित्रपटांसाठी?

२०१४ च्या जानेवारीत एका अमेरिकी पत्रकाराने नेटफ्लिक्सचे चित्रपटप्रकार मोजून पाहिले तेव्हा ते ७६,८९७ निघाले. भाव, देश, काळ, विषय आणि शेवट यांचे तुकडे जोडून ही नावे यंत्र तयार करते. यांतील अनेक प्रकार पडद्यावर दिसत नाहीत, पण प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेवटी तो क्रमांक लिहिल्यावर ती यादी उघडते. एवढा खटाटोप करण्याची तयारी नसल्यास, आवडलेल्या एका चित्रपटाच्या पानावर जाऊन त्याखाली दिलेली दोन-तीन विशेषणे वाचावीत. पुढचा शोध त्यांवरूनच घ्यावा.

रंगसंगती, चित्रे, अक्षरांची वळणे अशा दृश्य गोष्टी शैलीवरून शोधता येतात का?

येतात, आणि या क्षेत्रात ही साधने सर्वांत चांगली चालतात, कारण शैली डोळ्यांना दिसते आणि तिला भाषेची मध्यस्थी लागत नाही. २०१० पासून चालत आलेल्या पिंटरेस्टवर चित्रातील एखादा भाग बोटाने निवडला की त्यासारखी दिसणारी चित्रे समोर येतात. जुन्या वाड्याची डागडुजी करणाऱ्या वाईच्या एका वाचकाला खिडकीच्या महिरपीचे मराठी नाव ठाऊक होते, इंग्रजी नव्हते. त्यांनी आपल्याच खिडकीचा फोटो दिला आणि त्यावरून शोध घेतला. विकिआर्टवर चित्रकला शैलीनुसार पाहता येते, तर गूगल आर्ट्स अँड कल्चरवर रंगावरूनही चित्रे निवडता येतात. अर्थात राजा रविवर्म्यांची चित्रे पाहायची असतील तर सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची मूळ चित्रे आहेत, आणि तेथे रंग पडद्याच्या उजेडावर अवलंबून नसतो.

पत्रिका, फलक किंवा पुस्तिका करणाऱ्यांनी गूगल फॉन्ट्स हा अक्षरवळणांचा मोफत संग्रह अवश्य पाहावा. तेथे लिपी म्हणून देवनागरी निवडून त्यावर 'शांत', 'खेळकर', 'जुन्या वळणाचे' अशा अर्थाची भावनांची चाळणी लावता येते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेली 'मुक्ता' आणि 'बालू' ही अक्षरे तेथेच मिळतात. श्रद्धांजलीच्या फलकावर गोलमटोल बालू वापरला की काय होते, हे आपल्या चौकाचौकांत पाहायला मिळतेच.

पूर्वी वापरत असलेले मूडनुसार गाणी लावणारे छोटे संकेतस्थळ अचानक बंद का पडले?

अशी अनेक छोटी संकेतस्थळे स्वतः काही मोजत नसत. ती स्पॉटिफायकडून प्रसन्नता, ऊर्जा वगैरे अंक घेऊन त्यावर आपले दुकान मांडत. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पॉटिफायने नव्या आणि तोवर चाचणीच्या अवस्थेतच असलेल्या ॲप्ससाठी ही सोय बंद केली. आपले संकेतस्थळ त्यांपैकी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसे असेल तर ते परत सुरू होण्याची वाट न पाहता आपल्या आवडत्या गाण्यांची यादी वेगळी उतरवून ठेवावी.

काही दिवसांनी तीच ती गाणी आणि तेच ते लेखक का दिसू लागतात?

यंत्र आपल्या मागच्या निवडींवरून पुढची निवड ठरवते, त्यामुळे पावसाळ्यात दोन आठवडे विरहगीते ऐकणाऱ्याला दिवाळीतही विरहगीतेच सुचवली जातात. यावर तीन उपाय आहेत. ऐकण्याचा इतिहास अधूनमधून पुसावा. घरातील प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, नाहीतर आजीची भजने आणि नातवाचे रॅप यांची सरासरी कोणालाच आवडत नाही. आणि जेथे इतिहासावर काहीच अवलंबून नसते अशा ठिकाणी कधीतरी जावे. फ्रान्समध्ये सुरू झालेल्या 'रेडिओओओओ' या संकेतस्थळावर जगाच्या नकाशातील देश आणि दशक निवडावे लागते, आणि भावाच्या जागी 'संथ', 'जलद' आणि 'विचित्र' एवढीच तीन बटणे आहेत. यांतील 'विचित्र' हे बटण मला फार प्रामाणिक वाटते.

माझी मनःस्थिती कंपनीला कळते, याची काळजी करावी का?

करावी. 'मला एकटे वाटते आहे' हे आपण शेजाऱ्याला सांगणार नाही, पण रात्री दीड वाजता निवडलेले एक बटण तेच सांगते, वेळेसह आणि ठिकाणासह. भाव ओळखणे आणि भाव वळवणे यांत अंतर फार नाही. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांसमोर येणाऱ्या मजकुरातील आनंदाचे किंवा दुःखाचे प्रमाण त्यांना न सांगता बदलले आणि त्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा सूर किंचित बदलतो असे संशोधकांना आढळले. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर मोठा गदारोळ झाला. जानेवारी २०२१ मध्ये स्पॉटिफायला आवाजावरून भावावस्था ओळखून संगीत सुचवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, त्यालाही संगीतकारांनी आणि हक्क संघटनांनी विरोध केला.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आहे आणि माहिती घेण्यापूर्वी संमती घेणे हे त्याचे मूळ सूत्र आहे. आपल्या हाती असलेली खबरदारी साधी आहे. शक्य तेथे लॉगिन न करता शोधावे, गाण्याच्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी गरजेपुरतीच द्यावी, आणि खासगी सत्र चालू करण्याची सोय असल्यास ती वापरावी.

मुलांना अशी संकेतस्थळे वापरू द्यावीत का?

सोबत बसून वापरू द्यावीत. वर उल्लेखिलेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई करण्याची तरतूद आहे. चित्रे आणि रंग यांपासून सुरुवात केलेली बरी.

नाव, गायक, लेखक काहीच आठवत नाही, फक्त कसे वाटले होते तेवढे आठवते. तेव्हा काय करावे?

गाणे असेल आणि चाल आठवत असेल, तर गूगलच्या ॲपमध्ये ऑक्टोबर २०२० पासून गुणगुणून शोधण्याची सोय आहे. दहा-पंधरा सेकंद गुणगुणावे लागते, बोल आले नाहीत तरी चालते आणि सूर थोडा हलला तरी चालते. लोकप्रिय चित्रपटगीते लवकर सापडतात, नाट्यपदे क्वचित.

पुस्तक असेल तर 'कसे वाटले' याच्या आजूबाजूचे तपशील आधी कागदावर लिहून काढावेत, म्हणजे ते कोणत्या वयात वाचले, पुस्तक जाड होते की बारीक, गोष्ट गावात घडत होती की शहरात, सांगणारा 'मी' होता की नव्हता, शेवटी कोणी गेले होते का. व्हिचबुकच्या पट्ट्याही वेगळे काही विचारत नाहीत. एवढे लिहून झाल्यावर कोणत्याही वाचनालयाच्या देवघेव टेबलापाशी तो कागद द्यावा. शक्यतो दुपारी तीननंतर यावे, कारण सकाळी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांची गर्दी असते आणि टेबलामागच्या माणसाला विचार करायला सवड नसते.